चाकबाबांचं दूध

वळणावर मोटारसायकलींची रांग लागली होती आणि तिच्या दुप्पट बघे. मधोमध चाकबाबा. कोणाचंही पंक्चर झालेलं टायर असो, ठिगळ नाही की हातोडी नाही. बाबा वाल्वमधून पांढरं ‘दूध’ ओतायचे, पंपाने हवा भरायचे आणि मंत्र पुटपुटत चाक सात वेळा गरगर फिरवायचे. भोक बंद. लोक तोंडात बोटं घालायचे.

मागच्या चाकात खिळा घुसल्याने सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई गाडी ढकलत तिथवर आल्या. पुढे एक आई आठ वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. गंजक्या पत्र्याने पोरीचा तळवा चिरला होता.

बाबांनी बाटली उचलली. “ताई, रबरात जीव नाही, तरी त्याची जखम भरते. हा तर जिवंत पाय. ओतू?”

आई मान हलवणार, तोच नर्सबाईंनी बाटलीवर हात ठेवला. “आधी माझं चाक. ते बरं झालं तर पायाचं बघू.”

गर्दी कुरकुरली. चार बुकं शिकली की माणसं देवाची परीक्षा घेतात, असं कोणीतरी मागून सुनावलं. पण एवढ्या लोकांसमोर बाबांना नाही म्हणता येईना.

नर्सबाईंनी गाडी स्टँडवर चढवली, खिळा उपटला, भोक वर आणलं आणि चाक घट्ट धरलं. बाबांनी दूध ओतलं, हवा भरली. भोकातून फुस्स सुरू झालं.

“म्हणा मंत्र. चाक मात्र फिरणार नाही.”

“फेऱ्यांशिवाय देव पावत नाही.”

“चक्कर आल्यावरच पावतो का तुमचा देव?”

हशा पिकला. तीनदा मंत्र झाला, हवा जातच राहिली. हा बाईच्या अश्रद्धेचा दोष, असं बाबांनी जाहीर केलं.

“मग अश्रद्धेनेच फिरवते. बाळ, सातचा पाढा म्हण.”

पोरीने मुसमुसत सुरुवात केली, नर्सबाईंनी चाक फिरवलं. सात पाची पस्तीसला भोकावर पांढरा ठिपका दिसला. आवाज थांबला.

“हा रबराचा चीक,” नर्सबाई म्हणाल्या. “दुकानात मिळतो. चाक फिरलं की भोकापाशी पोचतो, हवेच्या दाबाने आत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. मघाशी तो तळाशी साचला होता.”

“आणि पायावर ओतला असता तर?” आईने हळूच विचारलं.

“घाण आतच कोंडली असती. धनुर्वात झाला तर जीव जातो. हिला जखम धुऊन टाके हवेत आणि इंजेक्शन. आत्ता.”

बाबा उसळले. वाटेत टायर फुटेल, असा शाप दिला.

“फुटलं तर दुसरं घेईन,” गाडी सुरू करत नर्सबाई म्हणाल्या. “पाय दुसरा कुठून आणू?”

आई लेकीला घेऊन मागे बसली. बाबांकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

मुलांनो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायची घाई करू नका. त्यातली एकेक गोष्ट काढून बघा. जी काढल्यावर काम अडतं, करामत तिचीच. आणि बघू देत नसेल, तर तिथून उठा.