जहाजाच्या पोटातला उजेड

वृषाली कळंबला घरी बसून कॉम्प्युटरवर जहाजांचे आराखडे काढायची. आज तिनं जहाज थोडं लांबवलं, अन् पुढचा पत्रा पोटाच्या पत्र्याला मिळतो तिथं फट पडली. लांबवण्याआधी हाच सांधा बिनचूक होता. मग मधेच काय बिनसलं? सकाळपासून तिनं डोकं खाजवलं, पण फट काही मिटेना.

तिचे वडील आबाराव धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या बनवायचे. दुपारी ते जेवायला आले अन् स्क्रीनपुढंच थबकले. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"आतून बघितलंस का?"

"आतून कशाला, आबा?"

"कोठी झाली की आमी आत बसून झाकण लावून घेतो. उजेड दिसला की समजायचं, फट हाय."

वृषालीनं जराशा रागातच चित्र फिरवून जहाजाच्या पोटात नेलं. उजेडाची रेघ दिसली, वर-खाली मिटलेली अन् मधी फुगलेली.

"रिबिटं मोज," आबाराव म्हणाले. "एका पत्र्याला जास्त असतील, तर मधीच तोंड वासतंय."

पत्रे जोडणारी खिळ्यांसारखी रिबिटं इथं चित्रात कुठली? पण कडेला वळण देणारे बिंदू होते. पुढच्या पत्र्याला नऊ, पोटाच्याला सात! म्हणूनच लांबवताना दोन्ही कडा वेगवेगळ्या ताणल्या गेल्या होत्या. तिनं दोन्हीकडं नऊ केले, समोरासमोर जुळवले अन् जहाज पुन्हा लांबवलं. रेघ गेली.

"झालं!" ती ओरडली.

"ह्यात माणसं बसत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग अजून एकदा आतून बघ."

वृषालीनं पुन्हा आतून बघितलं.