समोरचे

शेजाऱ्यांशी ओळख करून घेण्यात मला कधीच रस नव्हता. लिफ्टमध्ये उगाच हसायचं, "कुठे निघालात?" म्हणून विचारायचं, हे सगळं माझ्या डोक्यात जातं. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो, फ्रेमच्या मापाला आणतो. तिथे दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही आणि मला ते फार आवडतं. बायकोचं नेमकं उलट. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. सकाळपासून अनोळखी माणसांशेजारी बसून "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" करून झालं तरी घरी आल्यावर तिचा तोंडाचा पट्टा चालूच.

"अरे, समोर कोण राहतं हे तरी माहीत नको?" नव्या घरात आल्या आल्या ती म्हणाली. "उद्या किल्ली आत राहिली तर कुणाचं दार वाजवणार?"

"कुलूपवाल्याचं," मी म्हणालो.

ओळख शेवटी आमच्या लेकीनंच केली. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. एका संध्याकाळी तिनं पायातली चप्पल काढून जिन्यातून खाली भिरकावली. मी बनियनवर खाली जायच्या विचारात होतो, तेवढ्यात समोरच्या बाई चप्पल हातात घेऊन वर आल्या.

"ही आपली ना?" त्यांनी विचारलं.

विचारताना त्या चपलेकडे बघत नव्हत्या, भिंगरीकडे बघत होत्या. मी "हो, आमचीच" म्हणून चप्पल घेतली आणि दार लावलं.

समोर दोघंच राहायचे, त्या बाई आणि त्यांचे यजमान. नावं ठेवायला जागा नव्हती. आवाज नाही, कचरा नाही, उसनं मागणं नाही. वय मात्र सांगता आलं नसतं. एका दिवशी आमच्याएवढे वाटायचे, दुसऱ्या दिवशी माझ्या आईवडिलांएवढे.

भिंगरी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि घरात तिचंच राज्य होतं. केळं मोडून दोन तुकडे झाले म्हणून स्वयंपाकघरात लोळण घ्यायची. डावा मोजा उजव्या पायात घातला म्हणून छप्पर डोक्यावर घ्यायची. आमच्या नाकी नऊ आले होते. त्यामुळे ती संध्याकाळी समोर खेळायला जायला लागली तेव्हा मी कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर पाय पसरून निवांत चहा प्यायलो.

मग एकदा ती माझं बोट ओढत म्हणाली, "बाबा, आमच्या घरी ये ना."

"आमच्या नाही गं, आपल्या," मी म्हणालो. "त्यात मी पण आलो ना? मग आपलं घर म्हणायचं."

तिनं मान हलवली. एवढी साधी गोष्ट मला कळत नाही, याचा तिला कंटाळा आलेला दिसला. "आमच्या," ती म्हणाली आणि समोरच्या दाराकडे बोट केलं.

बायको खो खो हसली. "अरे, बोलायला शिकतेय ती. कालपर्यंत मला दादा म्हणत होती. आणि तू व्याकरण काढून बसलास!"

मलाही पटलं. पण माझा स्वभाव पडला चिकित्सक. काचेवरचा बारीक ओरखडा जसा शोधतो, तसा मी तिचं बोलणं ऐकायला लागलो. तिची एकदाही चूक होत नव्हती. "तुमचा पंखा वाजतो." "तुमची बादली निळी आहे." "आमच्याकडे दिवा चालू ठेवून झोपतात." हे सगळं आमच्याच पलंगावर, आमच्या दोघांच्या मध्ये झोपून.

आणि ती शहाणी झाली. खेळण्यांच्या टोपलीपुढे उभी राहून विचारायची, "घेऊ का?" केळं मोडलं तर म्हणायची, "असू दे." सांडणं नाही, लोळण नाही, झोपताना रडारड नाही. पाळणाघरातल्या ताईंनी कौतुक केलं. फोनवर माझ्या आईनं कौतुक केलं. "सुटलो रे बाबा एकदाचे," असं म्हणून बायको सोफ्यावर आडवी झाली. मी मात्र आडवा झालो नाही. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर मी स्वतः अगदी असाच वागतो.

एकदा दुकानातून परत येताना जिन्यातच भिंगरीचं रडणं कानावर आलं. समोरच्या दारामागून येत होतं. टाचा आपटणं, फरशीवर लोळणं, "नको, नको, नक्को!" सगळं होतं. बाईंचा दमलेला आवाज आला, "बरं बाई, दुसरं देते." मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला. इतका, की मी पिशवी खाली ठेवून कठड्याला धरून उभा राहिलो. ते सगळं आकांडतांडव माझ्या हक्काचं होतं. थोड्या वेळानं दार उघडलं आणि ती बाहेर आली, तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. मला बघून हसली. तेही बेतानं.

"उद्यापासून समोर जायचं नाही," मी त्याच दिवशी सांगून टाकलं. आता रडेल, चावेल, निदान काहीतरी फेकेल, अशी मला आशा होती.

"बरं," ती म्हणाली. मग चपला घातल्या आणि सोफ्याच्या कडेवर दाराकडे तोंड करून बसली.

"कुठे निघालीस?"

"उशीर झाला ना," ती म्हणाली. "ते वाट बघत असतील."

मी मुद्दाम तिच्यासमोर केळं मोडलं. दोनाचे चार तुकडे केले. तिला मोजे उलटसुलट घातले. ती माझ्याकडे थोड्या काळजीनं बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे." बायको दारात उभी राहून हे बघत होती. या वेळी ती हसली नाही.

रविवारी दुपारी बायको उठली. "हे अति झालं. मी जाऊन सरळ सांगून येते. तू येऊ नकोस, तू भांडशील." भिंगरीला तिनं कडेवर घेतलं. "हिच्यासमोरच बोलते, म्हणजे हिलाही कळेल." चहाचं आधण ठेवायला सांगून ती गेली.

मी आधण ठेवलं. आधी बायकोचा आवाज आला, चांगला चढलेला. मग बाईंचा. मग बराच वेळ काही नाही. मग तिघाचौघांचं हसणं. पाणी उकळून आटलं, मी पुन्हा घातलं. आता येईल, मग येईल, म्हणून दाराशी घुटमळत होतो, तेवढ्यात समोरून बायको पुन्हा ओरडली, "ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला? किती वेळा सांगायचं रे?"

तो सूर मी ओळखतो. तो फक्त माझ्यासाठी राखलेला आहे. आणि मी तर इथे होतो, हातात चहाची गाळणी घेऊन.

मी गॅस बंद केला आणि समोरची बेल वाजवली.

दार बायकोनं उघडलं. तिनं केस वर बांधले होते, घरात काम करताना बांधते तसे.

"अरे वा, या ना," ती म्हणाली. "आत या. किती दिवस आम्ही म्हणतोय, तुम्हाला बोलवायचं, बोलवायचं."

"पुरे आता," मी म्हणालो. "अगं, चल घरी."

माझ्या "अगं"नं ती अवघडली. रस्त्यात परक्या माणसानं एकेरी हाक मारली तर बाईमाणसाचं तोंड होतं, तसं तिचं झालं. पण ती सभ्य आहे, तिनं सावरून घेतलं आणि आत वळून म्हणाली, "बघा कोण आलंय. आपले समोरचे."

यजमानांनी पेपर बाजूला ठेवून मला जागा करून दिली. बाई म्हणाल्या, "बसा, बसा, चहा टाकते." मला ओरडायचं होतं. लेकीला उचलून पळायचं होतं. पण सगळे इतकं चांगलं वागत होते की मी खुर्चीच्या कडेवर गुडघे जुळवून बसलो. खोली आमच्यासारखीच होती, फक्त उलटी. पंखा आवाज करत नव्हता.

भिंगरी आतून पाणी घेऊन आली. दोन्ही हातांनी ग्लास धरून, जीभ दातांत पकडून, एक थेंब न सांडता.

"काका, पाणी."

मी ग्लास घेतला, खाली ठेवला आणि तिच्या उंचीला वाकलो. एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. सगळ्यांच्या देखत तिला विचारायचं. तिनं नुसतं माझ्याकडे बोट केलं असतं तरी बास होतं, मग मी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

"बाळा," मी म्हणालो, "तुझे बाबा कुठायत?"

तिनं यजमानांकडे पाहिलं. ते नव्हेत. मग ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी जवळून, कपाळाला आठी घालून.

"येतील आता," ती म्हणाली.

"हो, यायची वेळ झालीच," बायको म्हणाली आणि तिनं दार थोडं उघडं करून ठेवलं. पलीकडे आमचं दार तसंच सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. बाई चहाचे कप घेऊन आल्या, त्यांनी एक जास्तीचा आणला होता. मग सगळे दाराकडे बघत बसले, आणि त्यांच्याबरोबर मीही वाट बघायला लागलो.