काळी पडणारी मोनेटा

रोमन राज्यातल्या कापुआ गावच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर कालचं रक्त वाळलं होतं. काल याच गर्दीने भट्टीवाल्या फुंदानुसचं डोकं दगडांनी ठेचलं होतं. गावात तापाने पोरं दगावत होती, आणि विष घालणाऱ्याच्या हातात चांदीच्या नाण्यावरची मोनेटा देवी काळी पडते, असं सोसिबिउस बुवाने ठासून सांगितलं होतं. अपराध्याचं घरदार अर्थातच देवीला, म्हणजे बुवाला.

आज ते नाणं हातात घ्यायची पाळी प्रिस्काची होती. तिची थोरली बहीण हेल्विया, गावची सुईण, कोपरं मारत पुढे घुसली.

देवाच्या वस्तूला शिवण्याआधी हात धुवायची सगळ्यांचीच चाल. त्यामुळे बुवाने झारीतलं पाणी प्रिस्काच्या ओंजळीत ओतलं, त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही. धुपाच्या लोटात नाकही काम करेना. मग त्याने तळव्यावर नाणं ठेवलं. बघता बघता देवीचं तोंड तव्याच्या बुडासारखं झालं, आणि पहिला दगड प्रिस्काच्या भुवईवर बसला.

"ताई, मी काही केलं नाही गं," एवढं बोलून ती कोसळली.

हेल्वियाने तिचे ओले हात धरले. त्यांना नासक्या अंड्याचा वास येत होता, आणि हेल्वियाच्या मस्तकात तिडीक गेली. खरजेसाठी गंधक नि चुना उकळून ती हेच पाणी करायची, आणि तिची चांदीची अंगठी दर वेळी काळी व्हायची. बुवाजवळ झाऱ्या दोन होत्या, एक साध्या पाण्याची समोर आणि दुसरी आडोशाला. तिने आडोशाची झारी हिसकावली, त्याच्याच हातांवर ओतली आणि दुसरं नाणं त्याच्या मुठीत कोंबलं.

"उघडा मूठ, बुवा. बघू दे देवी काय म्हणतेय."

तो उघडेना, तेव्हा लोकांनीच बोटं पिरगळली. देवी काळी होती. हाच तो विष घालणारा, अशी आरोळी उठली आणि दगड बुवाकडे वळले. त्याचे दोन दात फरशीवर पडले.

हेल्वियाला क्षणभर फार बरं वाटलं. मग धडकी भरली. हे तर कालचेच हात. ती बुवाच्या आडवी उभी राहिली, उरलेलं पाणी तिने स्वतःच्या तळव्यावर ओतलं आणि तिसरं नाणं त्यात घासलं. तेही काळं पडलं.

"आता मलाही ठेचा," ती म्हणाली. "गंधकाचं पाणी आहे हे. तुमच्या हाताला लावा, तुमच्याही हातात काळी होईल. आणि नाणं उलटं करून बघा. घण, सांडशी, ऐरण. देवी कशाने घडवली ते टाकसाळीने मागे छापूनच दिलंय. माणसाने ठोकलेली चांदी माणसाचा न्याय काय करणार? याला न्यायाधीशापुढे उभा करा, आणि पोरं कुठल्या विहिरीचं पाणी पितात ते चला बघू. दगड उचलण्याआधी एवढं तरी विचारत जा. फुंदानुसच्या वेळी कुणी विचारलं नाही."

हातातले दगड एकेक करून खाली पडले. ते पडत होते फुंदानुसच्या रक्तावरच.