घरघर कुणाची?

“ऐक गं, हा किती हळू बोलतो! हा पुष्कळ टिकेल.”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. कारखान्यात मला जोडणाऱ्या दोघींपैकी एकीने ते दुसरीला ऐकवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी ट्रकचा एक जुना गिअरबॉक्स आहे. इंजिनाच्या मागे, ट्रकच्या पोटाखाली माझं घर. इंजिनाची ताकद दातांत धरायची आणि चाकांना बेताने वाढायची, चढाला जोर, सपाटीला वेग. तेलात न्हावं, तेलात फिरावं, कुणाच्या नजरेला येऊ नये, एवढंच माझं सुख.

माझा ट्रक दोन भावांचा. जाताना थोरला चालवायचा, त्याला सगळे दादा म्हणत. परतीच्या खेपेला धाकटा. दादाचा कान फार तयार. वेगाच्या काट्याकडे न बघता, नुसत्या आवाजावर तो गिअर बदलायचा. जात्याच्या खुंट्यावर सवयीचा हात पडावा, तसा त्याचा हात माझ्या दांड्यावर पडे. “माझी गाडी कुरकुरत नाही, गुणगुणते,” असं तो चारचौघांत सांगे, आणि मी खाली अंधारात फुलून जाई.

मग संशयाचे दिवस आले. माझं एक सील फाटलं आणि तेल थेंबाथेंबाने गळू लागलं. तेल आटलं, बेअरिंग कोरडं पडलं, मी घरघरू लागलो. दादाला मी हाका मारल्या. चढावर मारल्या, उतारावर मारल्या, गाडी उभी असताना मारल्या. तो ढिम्म. उलट तळहात माझ्या दांड्यावर दाबून बसायचा, जणू माझं तोंडच दाबतोय. ऐकून न ऐकल्यासारखं का करतो हा? मला भंगारात घालायचा बेत तर नाही?

धाकट्याला मात्र ऐकू गेलं.

“दादा, गिअरबॉक्स घरघरतोय बरं का.”

“रस्ता खराब आहे. तुला भास होतात.”

“गाडी उभी असतानाही? तेव्हा काय रस्ता पळतो खालून?”

दादा उसळला. “मग तूच काहीतरी केलं असशील! क्लच अर्धवट दाबून गिअर ओढतोस. चल मिस्त्रीकडे. तुझी करणी निघाली, तर या गाडीवर पुन्हा पाय ठेवायचा नाहीस.”

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याला दुसरं काम येत नव्हतं आणि दुसरा भाऊही नव्हता. मीही त्याच्याकडे संशयाने पाहू लागलो.

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला आणली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला. धाकट्याने क्लच दाबला, की मी फिरायचा थांबे आणि घरघरही थांबे. क्लच सोडला, की पुन्हा सुरू. म्हणजे दुखणं माझ्याच पोटात होतं.

क्लच दाबलेला असताना मिस्त्रीने दादाला विचारलं, “सांगा, आता आवाज येतोय की गेला?”

दादाने आधी धाकट्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “येतोय की.”

आवाज तर गेला होता! मिस्त्रीने भुवया उंचावल्या. “दादा, थट्टा करता का माझी?”

मला खाली उतरवून त्याने माझं पोट उघडलं. “दात शाबूत आहेत. क्लचशी खेळ केला असता तर यांच्या कडा खाल्ल्या गेल्या असत्या. धाकट्याचा काही दोष नाही. तेल आटून बेअरिंग गेलंय. आणि हे बघा, गिअर सरकवणारा फोर्क एका अंगाने झिजलाय. कुणीतरी दांड्यावर सतत हात ठेवून बसतं. इतके दिवस हा ओरडतोय, कुणी ऐकलं कसं नाही?”

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. यंत्र कुरकुरलं तर आधी त्याच्या तेलपाण्याकडे बघा, मग माणसाकडे बोट करा. बेअरिंग नवं मिळतं.

मिस्त्रीने तेच केलं. नवं बेअरिंग, नवं सील, नवा फोर्क, पोटभर तेल. मी पुन्हा जागेवर चढलो.  मग धाकट्याने गाडीची किल्ली दादापुढे धरली.

“घे. हात ठेवून बसायचास तू. आवाज तुझ्यासमोर होता, आणि नाव माझं घेतलंस. मी नको होतो, तर तोंडावर सांगायचं होतंस.”

किल्ली दादाने घेतली नाही. तळहात पँटला पुसला, पुन्हा पुसला.

“ऐकलं असतं तर गाडी तिथेच उभी नसती का केली?” तो म्हणाला. “मला हल्ली ऐकू येत नाही रे. समोरचा बोलला की ओठांवरून ओळखतो. गाडीचं मात्र काहीच कळत नाही, म्हणून दांड्यावर हात ठेवतो. थरथर हाताला लागली की गिअर बदलतो. तुला कळलं असतं, तर तू मला गाडीवर बसू दिलं नसतंस.”