रोल नंबर एकशे एक्क्याऐंशी

मित्रांनो, गेल्या गुरुवारी पार्ल्याच्या एका कॉलेजात, एकशे ऐंशी मुलांच्या वर्गात, खरीखुरी चर्चा झाली. असो. तसं काही झालंच नाही असं समजा आणि पुढे वाचा.

मी एक जुना कॉर्डलेस माईक आहे. समाजशास्त्राच्या शुभा मॅडमनी मला मुलांना बोलतं करायला आणलं. पहिल्या दिवशी टाळ्या पडल्या. त्यानंतर दोन वर्षांत माझ्यातून एकच वाक्य गेलं, "हॅलो, हॅलो, चेक."

मॅडम प्रश्न विचारायच्या आणि मला पहिल्या बाकावर द्यायच्या. मग मी हजेरीच्या कागदासारखा हातोहात मागे जायचो. "पकडून काय बसलायस, पास कर ना यार!" एकदा तर तो कागद आणि मी एकदमच निघालो. केतनने घाईत माझ्या पाठीवरच रोल नंबर लिहिला. पुढच्या सव्वीस जणांनीही लिहिला. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मॅडमनी ती हजेरी धरली. तेवढाच माझा गौरव.

मला एकशे ऐंशी जणांचे हात ओळखू यायचे. आवाज एकाचाही नाही.

वाकोल्याच्या गावठाणातली जोआना मात्र मला लगेच सोडायची नाही. शेवटून दुसऱ्या बाकावर ती मला तोंडाशी न्यायची, श्वास घ्यायची आणि पुढे द्यायची. तो श्वास मी इमानदारीत सगळ्या वर्गाला ऐकवायचो. मुलं हसायची.

गुरुवारी प्रश्न होता, शहरात गाव उरतं का? जोआनाने मला घट्ट धरलं. आणि माझे सेल संपले.

"मॅडम, माईक मेला!" केतन ओरडला.

"मरू दे. जोआना, तू बोल गं."

"आमच्या बावडीवर, म्हणजे विहिरीवर, आता पार्किंग आहे," ती हळूच म्हणाली. "आई अजून 'बावडीवर जाऊन येते' म्हणते. जाते दूध आणायला."

ऐकू यावं म्हणून अख्खा वर्ग गप्प झाला, मागे वळला.

"ए, आमच्या कांदिवलीतपण सेम!" केतन म्हणाला. मग चाळीस जण एकदम बोलायला लागले. मी तिच्या मुठीत होतो. माझ्यातून एक शब्द गेला नाही.

"आता याची गरज नाही," म्हणत मॅडमनी मला खडूंच्या कपाटात ठेवलं. आजही तास झाला. कपाटाच्या दारातून गलका ऐकू आला, शब्द कळले नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा. निदान सेल तरी काढून ठेवा, आत गंजतात.

तरी, माझ्या पाठीवर सत्तावीस रोल नंबर असून त्यांतला एकही माझा नाही, ही बाब विचारात घेऊन मला रोल नंबर एकशे एक्क्याऐंशी देण्यात यावा व शेवटून दुसऱ्या बाकावर नुसतं ऐकत बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. हजेरी पूर्ण भरेन.