भाऊजींनी उघडलेली मेल

वहिनींनी लॅबच्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर केली ती भाऊजींनी. वहिनी डॉक्टर, रक्त-लघवी तपासणं त्यांचं काम. बिलं, फोन, रिपोर्ट पाठवणं धाकट्या दिराच्या, म्हणजे भाऊजींच्या अंगावर.

“चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?” भाऊजी म्हणाले होते.

“जी सिस्टिम जास्त लोक वापरतात, तिच्यासाठीच व्हायरस जास्त लिहितात,” वहिनी म्हणाल्या. “लोकांची दुखणी आपल्या भरवशावर आहेत, भाऊजी. ती चव्हाट्यावर यायला नकोत.”

भाऊजी कामाला लागले; पण नवी बटणं शोधताना चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा असायचा.

एका सकाळी लॅबमध्ये ही गर्दी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माऊस, अशा गडबडीत त्यांनी ‘तुमचे कुरिअर परत गेले’ अशी मेल उघडली. सोबतची फाइलही दाबून पाहिली. काहीच उघडेना. “या नव्या सिस्टिमचं असंच,” असं पुटपुटत ते पुढच्या पेशंटकडे वळले.

जेवायच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या एक्स-रे सेंटरचे मालक धापा टाकत जिना चढून आले.

“तुमचं चालू आहे ना? आमचे एक्स-रेचे सगळे फोटो कुणीतरी कुलूपबंद केलेत. उघडून द्यायला खंडणी मागतायत. कुरिअरची म्हणून मेल आली, ती आम्ही उघडली.”

भाऊजींना सकाळची मेल आठवली. ऑपरेशनसाठी थांबलेल्या पेशंटांचे रिपोर्ट, वहिनींची इतक्या वर्षांची मेहनत, सगळं डोळ्यांपुढे आलं. ते आत गेले. वहिनी मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या.

“वहिनी, माझ्या हातून घोळ झालाय. तीच मेल मीही उघडली.”

वहिनींनी मान वर केली. “आधी इंटरनेटची वायर काढा. बाकीचं मग बघू.”

कॉम्प्युटरचं काम बघणारा वहिनींचा मामेभाऊ तासाभरात आला. बराच वेळ तो स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला. भाऊजी त्याच्या पाठीमागे उभे होते.

“फाइल उतरलीय, पण नुसती पडून आहे,” तो म्हणाला. “ती दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलीय. इथे तिची डाळ शिजली नाही.”

“आणि रक्त तपासायचं मशीन? ते तर जुन्याच सिस्टिमवर चालतं,” भाऊजींनी विचारलं.

“ते इंटरनेटला जोडूच दिलं नव्हतं मी,” वहिनी म्हणाल्या.

“पण हुरळून जाऊ नका,” मामेभाऊ म्हणाला. “उद्या कुणी या सिस्टिमसाठीही व्हायरस लिहील. बॅकअप घेत राहा, अनोळखी फाइल उघडू नका.” हे सांगताना त्यानं भाऊजींकडे पाहिलं नाही, एवढं सांभाळलं.

भाऊजींचा जीव भांड्यात पडला. ते पेशंटांच्या बाकड्यावरच टेकले.

“तुम्ही रागावला नाहीत?” त्यांनी वहिनींना विचारलं.

“कशाला रागावू? गडबडीत माझ्याही हातून उघडली गेली असती. माणूस चुकणार, हे धरूनच तर सिस्टिम बदलली.”

भाऊजी हसले. सकाळपासूनचं पहिलंच हसू ते.

मामेभाऊ तसाच खाली गेला. एक्स-रेवाल्यांच्या कपाटात फोटोंच्या बॅकअपची वेगळी डिस्क निघाली. गेल्या आठवड्यापर्यंतचं सगळं त्यात शाबूत होतं. भाऊजीही गेले, खुर्ची ओढून मालकांशेजारी बसले, आणि फोटो एकेक करून परत दिसू लागेपर्यंत तिथून हलले नाहीत.