चौदाव्या मजल्यावरचा रांजण

टिंग! सारे घर शांत असताना भाताचा कुकर वाजला आणि लाडिक आवाजात म्हणाला, "भात तयार आहे. हलवून घ्या." मित्रांनो, हा उपदेश ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत! मी एक जुना मातीचा रांजण आहे. साठ वर्षे पोटात सोया सॉस मुरवतो आहे, पण कधी कुणाला शहाणपण शिकवायला गेलो नाही.

कोरियाच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात, ओकबुनआजींच्या परसात मी उभा असे. ऊन पडले की त्या माझे झाकण काढत, आभाळ आले की धावत येऊन लावत. रोज ओल्या फडक्याने मला पुसत, कारण मी अंगानेच श्वास घेतो. शेजारणी बोट चाटून म्हणत, "ओकबुन, तुझ्यापेक्षा तुझा रांजण गोड गं!"

आजी वारल्या. त्यांच्या मुलीने, मीरानने, मला टेम्पोतून राजधानीत, सोलला आणले. काय ते शहर! राजवाड्याच्या भिंतीला खेटून काचेचे मनोरे. दाराशी भाड्याचे रेशमी घागरे घातलेल्या मुली, हातात बर्फाची कॉफी. पुढे एका जुन्या कौलारू घरात कॉफीचे दुकान, आणि त्याच्या पायरीवर माझेच तीन भाऊबंद. तिघांच्या पोटात छत्र्या! इथे जुने सगळ्यांना हवे असते, फोटोपुरते. मग शिडीच्या गाडीने मला बाहेरूनच चौदाव्या मजल्यावर चढवले आणि काचबंद गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवले. ते यंत्र थरथरले की मीही थरथरतो.

चार दिवसांत खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

"दाइनची आई, तुमच्याकडे मोजे उकळतात का हो?"

"सॉस आहे, काकू. माझ्या आईचा."

"मग दुकानातून बाटली आणावी की! आमच्या पडद्यांना वास लागलाय."

मीरान ओशाळली. तिने माझ्या तोंडावर प्लॅस्टिक ताणून चिकटपट्टी लावली. ना ऊन, ना वारा. महिनाभर माझा जीव नुसता घुसमटला. मी काय लोणच्याची बरणी आहे?

आज तिच्या लेकीचा, दाइनचा सहावा वाढदिवस. आमच्याकडे वाढदिवसाला समुद्री शेवाळाचे सूप हवेच, आणि त्यात आजीचाच सॉस हवा. मीरान वाटी घेऊन आली, चिकटपट्टी सोडली आणि आत वाकून पाहू लागली. सॉसवर बुरशीची पांढरी साय धरली होती. तिने गावाकडे मावशीला फोन लावला.

"मावशी, पांढरं आलंय गं वर! उकळू? का मीठ घालू? एवढाच उरलाय आईच्या हातचा."

"मला काय विचारतेस, पोरी? मी तर आयुष्यभर तुझ्या आईकडूनच बाटली भरून आणली!"

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी रोज काहीतरी पुसत असेल, झाकत असेल, उन्हात सरकवत असेल. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि आजच विचारून घ्या. मला सगळे ठाऊक आहे, पण मीरानला सांगता येत नाही, याचाच तर संताप होतो!

दाइन माझ्या काठावरून आत डोकावली.

"आई, आजीनं तुला सांगितलं नव्हतं, कसं करायचं ते?"

"सांगायची गं. दर फोनला सांगायची."

"मग तू ऐकलं का नाहीस?"